कोरा रकाना आणि चांगला वाचक

गेल्या वर्षी ऑफिसात माझ्याकडे एका फॉर्मचं काम आलं. परदेशातल्या एका ग्राहकाच्या आरोग्यविषयक संकेतस्थळावर पुरुषांनी आपली माहिती भरायची आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची शक्यता किती ते पाहायचं, असा तो प्रकार. वय, पीएसए या रक्तचाचणीचा आकडा, वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला होता का, आणि वंश. शेवटच्या प्रश्नाला चार पर्याय होते: गोरा, कृष्णवर्णीय, आशियाई, इतर. मी उत्तरं घेऊन पुढच्या सूत्राकडे पाठवायची. सूत्र त्यांचं काय करतं याच्याशी माझा संबंध नव्हता. चाचणीसाठी खोटी माणसं तयार करताना सवयीने एकाचा रकाना मी कोरा सोडला. वय ६९, वंश रिकामा. प्रोग्रॅम पुढे जाईना. वर विचारलं तर उत्तर आलं, कोरा असेल तर 'इतर' धरा.

६९ हा आकडा मी उगाच टाकला नव्हता. अनातोल ब्रॉयार्ड या अमेरिकन समीक्षकाला १९८९च्या ऑगस्टमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. चौदा महिन्यांनी, ऑक्टोबर १९९०मध्ये, तो गेला. मधल्या काळात त्याने आजारपणावर जे लिहिलं ते त्याच्या बायकोने, अलेक्झांड्राने, संपादित करून १९९२ साली 'इन्टॉक्सिकेटेड बाय माय इलनेस' या नावाने छापलं. प्रस्तावना ऑलिव्हर सॅक्सची आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी हे पुस्तक वाचलं तेव्हा भाषेसाठी आवडलं होतं. फॉर्मच्या निमित्ताने परत काढलं, आणि या खेपेला ते सहजासहजी गळ्याखाली उतरलं नाही. का, ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

रुग्णाला हवा असलेला वाचक

ब्रॉयार्ड 'न्यूयॉर्क टाइम्स'चा पुस्तकपरीक्षक होता. १९७१ पासून दीड दशकाच्या आसपास त्याने रोजच्या अंकासाठी पुस्तकं वाचली आणि त्यांची खुमासदार, कधी कधी बोचरी परीक्षणं लिहिली. आजाराकडेही त्याने त्याच नजरेने पाहिलं. निदान झाल्यावर त्याला आधी भीती वाटली नाही, तरतरी आली. आयुष्याला अचानक अंतिम तारीख मिळाली आणि त्यामुळे प्रत्येक गोष्टीला धार चढली, असं तो सांगतो. पुस्तकाच्या नावातली नशा ती ही.

पुस्तकातला सगळ्यात गाजलेला लेख डॉक्टरांविषयी आहे. डॉक्टर रुग्णाला तपासतो, तर रुग्णानेही डॉक्टरला का तपासू नये? पहिल्या मूत्ररोगतज्ज्ञाची शस्त्रक्रियेची टोपी ब्रॉयार्डला गबाळी वाटली, आणि एवढ्यावरून तो माणूस आपल्या आजाराच्या लायकीचा नाही, असं त्याचं मत झालं. हे वाचताना हसू येतं. मग तो मुद्द्यावर येतो. त्याला असा डॉक्टर हवा आहे ज्याला वाचता येतं. जो रक्ताचे अहवाल वाचतो तसा समोरचा माणूसही वाचेल, त्याचा स्वभाव, त्याची भाषा, त्याच्या भीतीचा पोत ओळखेल. थोडक्यात, त्याला शरीराचा समीक्षक हवा आहे. सुसान सॉन्टॅगने १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये आजारावर चढवलेली रूपकांची पुटं खरवडून काढायचा आग्रह धरला होता. ब्रॉयार्डला ते फार कडक वाटतं. रुग्णाला स्वतःची रूपकं लागतात, स्वतःची गोष्ट लागते, नाही तर त्याचं नुसतं प्रकरण होऊन जातं, असं त्याचं म्हणणं.

या म्हणण्यात जोर आहे. वैद्यकीय शिक्षणात साहित्य हवं, असं आज जे कुणी मांडतात त्यांच्या यादीत ब्रॉयार्ड हमखास असतो, आणि ते योग्यही आहे. पण दुसऱ्या वाचनात मला एक साधा प्रश्न पडला. चांगला वाचक हवा हे कबूल. मात्र जी संहिता त्याच्यापुढे ठेवली, तिच्यातलं एक पान आधीच काढून ठेवलेलं असेल तर?

काढून ठेवलेलं पान

ब्रॉयार्डचा जन्म १९२० साली न्यू ऑर्लिन्समध्ये, क्रिओल कुटुंबात झाला. तिथल्या मिश्र वंशाच्या, फ्रेंच वळणाच्या, वर्णाने उजळ पण कायद्याच्या आणि शेजाऱ्यांच्या लेखी कृष्णवर्णीय असलेल्या लोकांपैकी हे कुटुंब होतं. वडील सुतार. तो लहान असताना घर ब्रुकलिनला आलं. तिथे सुतारांच्या संघटनेत काम मिळावं म्हणून वडील कामापुरते गोरे म्हणून वावरत आणि संध्याकाळी घरी परत स्वतःचे होत. मुलाने ही ये-जा बंद केली. दुसऱ्या महायुद्धात तो कृष्णवर्णीय गोदी कामगारांच्या पलटणीवर गोरा अधिकारी होता. युद्धानंतर ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्याने पुस्तकांचं दुकान काढलं, लेखकांमध्ये मिसळला, नॉर्वेजियन वंशाच्या गोऱ्या मुलीशी लग्न केलं, कनेक्टिकटात संसार थाटला. बहीण शर्ली हिचा नवरा फ्रँकलिन विल्यम्स हा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेला नामवंत वकील आणि पुढे घानातला अमेरिकेचा राजदूत. पण टॉड आणि ब्लिस या ब्रॉयार्डच्या मुलांना आत्याच्या घराची ओळखच नव्हती. वडील मरणपंथाला लागले तेव्हा आईने मुलांना खरं काय ते सांगितलं. वडिलांनी स्वतः शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हे सगळं जगजाहीर झालं १९९६ साली, हेन्री लुई गेट्स याच्या 'न्यूयॉर्कर'मधल्या लेखाने. २००७ साली ब्लिस ब्रॉयार्डने 'वन ड्रॉप' हे जाडजूड पुस्तक लिहून वडिलांची वंशावळ स्वतः शोधून काढली. गेट्सचं निदान असं: ज्या माणसाकडून मोठ्या कादंबरीची अपेक्षा होती त्याला ती कधीच लिहिता आली नाही, कारण स्वतःविषयी लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं.

हे माहीत नसताना आजारपणाचं पुस्तक वाचलं तर कुठेही खटकत नाही. माहीत असताना वाचलं तर पानोपानी खटकतं. हा माणूस आपल्या ग्रंथीबद्दल, लघवीबद्दल, कामवासनेबद्दल, डॉक्टरच्या टोपीबद्दल बोलतो. आपल्या माणसांबद्दल, ती कुठून आली याबद्दल चकार शब्द काढत नाही. पुस्तकाच्या शेवटी 'व्हॉट द सिस्टोस्कोप सेड' ही त्याची १९५४ सालची कथा जोडली आहे. तिच्यात कर्करोगाने मरणारा बाप आहे आणि त्याच्या खाटेजवळ मुलगा आहे. ही त्याच्या स्वतःच्या वडिलांचीच गोष्ट. तिच्यातही कुटुंबाच्या वर्णाचा उल्लेख नाही. म्हणजे या एका पुस्तकात दोन पिढ्यांचा कर्करोग आहे, आणि दोन्ही पिढ्यांची उत्पत्ती पुसलेली आहे.

इतर कुठल्याही आजाराच्या बाबतीत ही फक्त चरित्रातली गंमत ठरली असती. प्रोस्टेटच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

आकडे काय म्हणतात

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या कर्करोगाचा धोका कुणाला जास्त याची खात्रीची कारणं मोजकीच आहेत: वय, घरातला इतिहास आणि वंश. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचं या आजाराने मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे. इंग्लंडमधल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आयुष्यात कधी तरी हे निदान होण्याची शक्यता गोऱ्या पुरुषांत ८ पैकी १, कृष्णवर्णीयांत ४ पैकी १ आणि आशियाई पुरुषांत १३ पैकी १. या आजाराने मरण्याची शक्यता अनुक्रमे २४ पैकी १, १२ पैकी १ आणि ४४ पैकी १.

आता भागाकार करून पाहा. गोऱ्यांत निदान झालेल्या तिघांपैकी एक या आजाराने जातो. कृष्णवर्णीयांतही तिघांपैकी एकच. आशियाईंतही साधारण तेवढंच. म्हणजे आजार गाठेल का, हे वंशागणिक फार बदलतं. पण एकदा गाठल्यावर पुढे काय होईल हे, निदान त्या देशात, फारसं बदलत नाही. तिथे दवाखाना सगळ्यांना फुकट आहे हे लक्षात घेतलं तर ते समजण्यासारखं आहे. अमेरिकेतली ३ लाखांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१९ साली असंच दिसलं होतं. वय, आजाराची पायरी आणि उपचार सारखे धरले, तर त्या कर्करोगाने मरण्यात कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यात म्हणण्यासारखा फरक उरत नाही. या माहितीत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतले रुग्ण होते, जिथे विमा आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

मग आजार गाठण्यातला फरक कुठून येतो? इथे रक्ताची गोष्ट काही अंशी खरी आहे. आठव्या गुणसूत्रावर ८क्यू२४ नावाचा एक पट्टा आहे. त्याचा या आजाराशी संबंध २००६ साली दिसला, आणि त्यातली धोका वाढवणारी काही रूपं आफ्रिकी पूर्वज असलेल्यांत जास्त आढळतात. २०२१ साली जगभरची माहिती एकत्र करून जनुकांमधल्या अशा २६९ जागा मांडल्या गेल्या. त्यांवरून काढलेला धोक्याचा सरासरी गुण आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत युरोपीय वंशाच्या पुरुषांच्या सव्वादोनपटीजवळ, तर पूर्व आशियाई पुरुषांत पाऊणपटीच्या आसपास आला. पण जनुकांवर सगळं ढकलता येत नाही. जपानमधून अमेरिकेत गेलेल्यांत हा आजार मायदेशातल्यांपेक्षा जास्त सापडतो, आणि बोटीत बसताना कुणाची जनुकं बदललेली नसतात. आहार बदलतो, तपासण्या वाढतात.

म्हणजे फॉर्ममधला 'वंश' हा एक रकाना एकाच वेळी दोन कामं करतो. तुमचे पूर्वज कुठले हेही तोच सांगतो आणि जग तुमच्याशी कसं वागतं हेही तोच सांगतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एकाच चलात दोन वेगळ्या गोष्टी भरल्या आहेत. असं कुणी केलं तर आम्ही त्याचा कोड परत पाठवतो.

आणि ब्रॉयार्डच्या आयुष्यात नेमक्या याच दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या होत्या. पूर्वज होते तेच राहिले; वागणूक मात्र गोऱ्या माणसाची मिळाली. उत्तम विमा, उत्तम शहर, नावाजलेले डॉक्टर, आणि डॉक्टरशी टोपीवरून वाद घालण्याची ऐट. ज्याने चाळीसेक वर्षं गोरा म्हणून संसार आणि नोकरी केली, तो दवाखान्याच्या नोंदीतही गोराच मोजला जाणार असं धरायला हरकत नाही. वर दिलेल्या सगळ्या आकड्यांच्या पोटात असे किती तरी ब्रॉयार्ड आहेत.

सोपं वाचन आणि त्याची अडचण

इथे एक सोपं वाचन हाताशी येतं. त्याने वंश लपवला, डॉक्टरांना धोका कळला नाही, निदान उशिरा झालं, तो मेला. लपवण्याची शिक्षा मिळाली. मला हे वाचन दोन कारणांनी मान्य नाही.

पहिलं कारण तारखांचं. पीएसए चाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८६ साली, आणि तीही निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यापुरती. आजार शोधण्यासाठी ती मान्य झाली १९९४ साली. ब्रॉयार्डचा आजार लक्षात आला तो लघवी अडल्यामुळे. त्याने आपलं क्रिओल मूळ दाराबाहेर पाटी लावून जाहीर केलं असतं, तरी १९८९ पूर्वी त्याच्यासाठी कुणी फार वेगळं काही केलं असतं असं दिसत नाही. त्याच्या मौनाने त्याचा जीव घेतला, हे विधान इतिहासात टिकत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तो ज्यापासून पळाला ते काय होतं? त्याच्या जन्मगावच्या राज्यात, लुइझियानात, १९७० साली कायद्याने ठरवलं होतं की बत्तिसाव्या भागाहून अधिक 'निग्रो रक्त' असलेला माणूस कृष्णवर्णीय. सूझी फिप्स नावाची, आयुष्यभर स्वतःला गोरी समजत आलेली बाई या नोंदीविरुद्ध कोर्टात गेली. त्या गदारोळात १९८३ साली कायदा रद्द झाला, पण तिची नोंद काही बदलली नाही. ब्रॉयार्डला जे नको होतं ते हे: एका रकान्यावरून आपला सगळा अर्थ लावला जाणं. आणि डॉक्टरकडून त्याला जे हवं होतं ते नेमकं याच्या उलट: मला प्रकार म्हणून वाचू नका, माणूस म्हणून वाचा. त्याचं गोरेपण आणि त्याचं वाचक-डॉक्टरचं स्वप्न या दोन गोष्टी मला आता वेगळ्या वाटत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच मागणी आहे. गेट्स म्हणतो, हा माणूस स्वतःविषयी लिहू शकला नाही. मला वाटतं, आजाराच्या पुस्तकात तो स्वतःच्या सगळ्यात जवळ पोचला, कारण तिथे त्याला पहिल्यांदा असं शरीर मिळालं ज्याच्याविषयी सगळं बोलता येत होतं, फक्त ते कुठून आलं एवढं सोडून.

त्याची भीती अनाठायीही नव्हती. मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या २००९ सालच्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ने गुणायचं असा नियम होता. कोडमध्ये ही एक ओळ. तिच्यामुळे कृष्णवर्णीय रुग्णाचं मूत्रपिंड कागदावर प्रत्यक्षापेक्षा धडधाकट दिसे, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचं नाव उशिरा लागे. २०२१ साली ती ओळ काढली. रकाना असा माणसावर उलटतो.

पण प्रोस्टेटच्या बाबतीत रकाना सरसकट पुसला तरी नुकसान होतं. पीएसए तपासणी करावी की नाही याचे सल्ले ज्या चाचण्यांवर उभे आहेत, त्यांतल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत कृष्णवर्णीय पुरुष सुमारे ४ टक्के होते. ब्रिटनमध्ये उपचारांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत तर जवळजवळ सगळे गोरेच. २०१२ साली अमेरिकन तज्ज्ञगटाने सांगितलं की ही तपासणी सरसकट नको. २०१८ साली सल्ला बदलला: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून ठरवावं. मधल्या वर्षांत गोऱ्यांच्या सरासरीवरून काढलेला निष्कर्ष ज्यांची सरासरीच वेगळी आहे त्यांनाही लागू होता. तेव्हा वंश विचारला तर जाच, नाही विचारला तर दुर्लक्ष, अशी ही कोंडी आहे. ब्रॉयार्डच्या पुस्तकात या कोंडीचा फक्त पहिला अर्धा भाग आहे. आपण कुणापासून वेगळे आहोत एवढंच तो सांगतो. आपण कुणासारखे आहोत हे सांगायची वेळ आली की तो विषय बदलतो, आणि आजाराला तर तेच माहीत असावं लागतं.

फिलिप रॉथच्या २०००च्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीत याचं विचित्र प्रतिबिंब आहे. नायक कोलमन सिल्क हा गोरा म्हणून वावरणारा कृष्णवर्णीय प्राध्यापक. तो ब्रॉयार्डवर बेतला आहे असं अनेकांनी लिहिलं. रॉथने २०१२ साली जाहीर पत्र लिहून ते नाकारलं. पण त्याच कादंबरीत प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेला, तिच्यामुळे नपुंसक झालेला माणूसही आहे, आणि तो आहे निवेदक झुकरमन. ब्रॉयार्डच्या एका देहात जे होतं ते रॉथने दोन माणसांत वाटून दिलं: वंश एकाकडे, ग्रंथी दुसऱ्याकडे. ब्रॉयार्डच्या स्वतःच्या पुस्तकातही हीच वाटणी आहे. फक्त दुसरा माणूस तिथे कधी खोलीत येत नाही.

१३ पैकी १

एवढं सगळं मी कुणाविषयी लिहितो आहे? अमेरिकेतल्या एका मेलेल्या समीक्षकाविषयी. पण ब्रॉयार्डच्या पुस्तकातल्या एका जागेवर मी अडकलो, ती जागा माझ्या घरातली निघाली.

मूत्ररोगतज्ज्ञाने ब्रॉयार्डला सुचवलं होतं की अंडकोष काढून टाकावेत. उपाय जुना आणि खात्रीचा. या कर्करोगाला पुरुषी संप्रेरकांवर पोसायची सवय असते हे चार्ल्स हगिन्सने १९४१ साली दाखवलं, त्यासाठी त्याला १९६६चं नोबेलही मिळालं. रसद तोडली की आजार काही काळ आवरतो. ब्रॉयार्डने नकार दिला. सुरुवातीलाच लढाई हरल्यासारखं होईल असं त्याला वाटलं. औषधांनी तेच काम करता येतं, पण ती महाग असतात. आपल्याकडे अजूनही अनेकांना शस्त्रक्रियाच परवडते.

माझे आजोबा कराडला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. मी दहा वर्षांचा असताना ते गेले. काय झालं होतं, तर पाठीचं दुखणं. त्याआधी त्यांचं एक ऑपरेशन झालं होतं, ते हर्नियाचं. घरात सगळे हेच सांगायचे आणि मीही हेच सांगत आलो. फॉर्मचं काम चालू असताना दिवाळीत घरी गेलो, तेव्हा आजीच्या ट्रंकेतली जुनी फाइल काढून बसलो. हर्निया नव्हता. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात पसरला होता, आणि ऑपरेशन होतं ते ब्रॉयार्डने नाकारलेलं.

मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांनीच सांगितलं होतं, हर्निया म्हणा. डेपोतली माणसं भेटायला येणार. काय सांगायचं त्यांना?"

"पण तुम्ही डॉक्टरांना तरी सांगितलंत का, तुमच्या तपासणीच्या वेळी?"

"त्यांनी विचारलं, घरात कुणाला कॅन्सर? मी म्हटलं, नाही."

बाबा ६१ वर्षांचे आहेत. माझ्या फॉर्ममध्ये त्यांची माहिती भरली तर वंश 'आशियाई', म्हणजे १३ पैकी १, बऱ्यापैकी सुरक्षित. भारतात या आजाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा खूपच कमी नोंदलं जातं, हे खरं. पण पुण्यासारख्या शहरांच्या नोंदींत पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत तो आता आहे, आणि आपल्याकडे बरेच रुग्ण आजार हाडांत उतरल्यावर दवाखान्यात येतात. 'आशियाई' या एका शब्दात जपानपासून कराडपर्यंत सगळे कोंबलेले असतात, शिवाय तो आकडा इंग्लंडात राहणाऱ्यांचा. बाबांच्या बाबतीत वजन असलेला रकाना वंशाचा नव्हताच. तो शेजारचा होता: वडिलांना हा आजार होता का? सख्ख्या नात्यात असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो. तो रकाना आमच्या घराने लाजेपोटी 'नाही' असा भरून ठेवला होता.

ब्रॉयार्डवर मी जो आरोप ठेवत होतो, तो इथे माझ्या हातातून गळून पडला. त्याचं मौन आणि आजोबांचं मौन यांची कारणं एक नाहीत. एकामागे गुलामगिरीचा इतिहास आहे, दुसऱ्यामागे डेपोतल्या माणसांसमोर पुरुष म्हणून उभं राहण्याची इच्छा. पण पुढच्या पिढीच्या हातात दोघांनीही एकच गोष्ट ठेवली: अपुरा फॉर्म. ब्लिस ब्रॉयार्डने तो भरण्यासाठी अख्खं पुस्तक लिहिलं. तिचा भाऊ टॉड याला तर तो शब्दशः भरावा लागत असेल, कुठल्या तरी डॉक्टरसमोर, दोन्ही रकाने. वडील: हो. वंश: यावर काय खूण करायची?

ऑफिसात मी एक सुधारणा सुचवली. कोऱ्या रकान्याला 'इतर' धरू नये. 'माहीत नाही' आणि 'सांगायचं नाही' असे दोन वेगळे पर्याय द्यावेत. पहिला मान्य झाला. दुसऱ्याचा सूत्राला काही उपयोग नाही असं उत्तर आलं, आणि सूत्रापुरतं ते बरोबरही आहे. बाबांना पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे घेऊन गेलो. या वेळी प्रश्न आला तेव्हा त्यांनी उत्तर दिलं. पीएसए ठीक निघाला. दर वर्षी बघायचं ठरलं आहे.

'इन्टॉक्सिकेटेड बाय माय इलनेस' अजूनही वाचावं असंच पुस्तक आहे. आजारी माणसाची ऐट इतकी सुंदर दुसरीकडे मला भेटलेली नाही. फक्त ते एकटं वाचू नये. आधी ते वाचावं, मग गेट्सचा लेख, मग मुलीचं 'वन ड्रॉप', आणि मग परत पहिल्यापासून. म्हणजे लक्षात येतं की ब्रॉयार्डची डॉक्टरकडची मागणी रास्त होती आणि अर्धीही होती. चांगल्या वाचकाला विचारावं लागतं. रुग्णालाही, कधी तरी, आपल्या बापाविषयी सांगावं लागतं.